केमिकल इंजिनिअरिंग करून बायोफार्मा मॅन्युफॅक्चरिंगच्या संशोधनात प्राध्यापक झालं तर नेमकं काम काय असतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की तुम्ही केमिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहात, बायोलॉजी शाळेतच सुटली, बायोफार्मामध्ये, म्हणजे जिवंत पेशींकडून बनवून घेतलेल्या औषधांत, संशोधन करून पुढे प्राध्यापक व्हायचं मनात आहे, पण औषधं तर बायोलॉजीवाले शोधतात मग इंजिनिअर तिथे करतो काय, आणि आता वळायला उशीर तर झाला नाही ना. मी हेच काम करते, आधी ४ वर्षं कंपनीत आणि नंतर १९ वर्षं विद्यापीठात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

औषध शोधतात ते बहुतेक वेळा बायोलॉजीवालेच, खरंय. पण एकदा सापडलेलं औषध उद्या, पुढच्या महिन्यात, दहा वर्षांनी, दुसऱ्या कारखान्यात, दुसऱ्या माणसांच्या हातून जसंच्या तसं बनलं पाहिजे, ते कोण बघणार? ते आमचं काम. माझं अख्खं करिअर या एकाच गोष्टीत गेलंय, तेच औषध परत तस्संच बनवणं. ऐकायला नीरस वाटेल, पण यात किती अडचणी दडलेल्या आहेत हे एकदा कळलं की माणूस त्यातून बाहेर पडत नाही, निदान मी तरी पडले नाही.

हे एवढं अवघड का ते आधी सांगते. अ‍ॅस्पिरिनच्या एका रेणूत २१ अणू असतात. कॅन्सरवर किंवा संधिवातावर जी अँटिबॉडी, म्हणजे एक मोठं प्रोटीन, देतात तिच्या एका रेणूत २० हजारांच्या आसपास अणू असतात आणि तिचा रेणुभार जवळपास दीड लाख. असा रेणू फ्लास्कमध्ये केमिकलं मिसळून बनत नाही, तो जिवंत पेशीकडून करून घ्यावा लागतो. बहुतेक कारखान्यांत त्या पेशी चायनीज हॅमस्टरच्या अंडाशयातून आलेल्या असतात, आम्ही त्यांना सीएचओ म्हणतो, थिओडोर पक यांनी १९५७ मध्ये त्या पहिल्यांदा वेगळ्या केल्या. आता ही पेशी नुसतं प्रोटीन बनवून थांबत नाही, त्यावर साखरेच्या साखळ्या लावते, आणि त्या कशा लावायच्या हे ती त्या दिवशीच्या पीएचवर, अमोनियावर, तापमानावर, तिला काय खायला मिळालं त्यावर ठरवते. त्या साखळीतली फ्युकोज नावाची एकच साखर कमी असली तरी अँटिबॉडी शरीरातल्या मारक पेशींना किती जोरात बोलावते ते बदलतं. म्हणजे आपण टाकीत ढवळण्याचा वेग बदलला, हवा थोडी वेगळी सोडली, तर औषधाचा गुणधर्म हलू शकतो. रेणूचं नाव तेच, लेबल तेच, पण आतली गोष्ट वेगळी. प्रोसेस हेच प्रॉडक्ट असं या क्षेत्रात म्हणतात ते यामुळे.

आणि इंजिनिअर यात आजकाल घुसलेत असंही नाही. पेनिसिलिन मोठ्या प्रमाणावर बनवायचा पहिला व्यावसायिक कारखाना डिझाइन केला तो मार्गारेट हचिन्सन रूसो यांनी, केमिकल इंजिनिअर, एमआयटीतून १९३७ मध्ये या विषयात डॉक्टरेट घेतलेल्या, अमेरिकेत ती घेणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्याआधी त्या पेट्रोलियम डिस्टिलेशनमध्ये काम करायच्या! एल्मर गेडन यांनी १९४९ ची कोलंबियातली पीएचडी पेनिसिलिनच्या बुरशीला किती ऑक्सिजन लागतो आणि तो टाकीत कसा पोचवायचा यावर केली, आणि पुढे लोक त्यांना बायोकेमिकल इंजिनिअरिंगचे जनक म्हणायला लागले. तुम्ही जो मास ट्रान्सफरचा पेपर आता देणार असाल किंवा दिला असेल ना, गेडन यांचं काम म्हणजे तोच पेपर. नंतर १९८२ मध्ये रिकॉम्बिनंट, म्हणजे जनुक बदललेल्या जिवाणूंकडून बनवून घेतलेलं, इन्सुलिन आलं, १९८७ मध्ये सीएचओ पेशीतून बनलेलं पहिलं औषध आलं, रक्ताची गुठळी विरघळवणारं, आणि तिथून पुढे हे क्षेत्र थांबलंच नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर एका लिटरमधून ५० मिलिग्रॅमच्या आसपास प्रोटीन निघायचं, आज ५ ग्रॅम निघालं तरी कोणी विशेष म्हणत नाही. शंभर पट. पेशी तीच. फरक पडला तो क्लोन, म्हणजे जास्त प्रोटीन देणारा पेशींचा वंश, निवडण्याने, खाद्यामुळे आणि टाकी चालवण्याच्या पद्धतीमुळे, आणि यातल्या निदान शेवटच्या दोन्हींत इंजिनिअरांचा घाम आहे.

आता माझं सांगते. मी कंपनीत होते तेव्हा २००० लिटरच्या रिअ‍ॅक्टरमधून निघालेला माल शुद्ध करणाऱ्या टीममध्ये होते, याला डाउनस्ट्रीम म्हणतात. ढोबळ क्रम असा की पेशी आणि गाळ बाजूला काढायचा, मग उरलेलं द्रव प्रोटीन ए नावाच्या कॉलममधून, म्हणजे बारीक मणी भरलेल्या नळीतून, न्यायचं, तिथे अँटिबॉडी चिकटते आणि बाकीचं बहुतेक सगळं वाहून जातं, मग आम्लयुक्त बफर सोडून, पीएच साधारण साडेतीन, ती सोडवून घ्यायची, त्याच आम्लात तासभर ठेवायची म्हणजे काही प्रकारचे व्हायरस असले तर निकामी होतात, मग पीएच परत वर आणायचा, फिल्टर, आणखी एकदोन कॉलम, व्हायरस अडवणारा २० नॅनोमीटरच्या आसपास छिद्रांचा फिल्टर, आणि शेवटी घट्ट करणं. हे सगळं शेकडो वेळा केलेलं होतं. एका रात्री पीएच वर आणला आणि काचेच्या साइट ग्लासमध्ये बघता बघता पाण्यासारखं नितळ द्रव ढगाळ झालं, जणू कोणी आत चुना कालवला. पुढचा फिल्टर पाचवा हिस्सा माल जाईपर्यंत तुंबला, प्रेशर लिमिटला, पंप बंद. स्टोअरमध्ये होते नव्हते तेवढे फिल्टर लावले, पहाटे कसाबसा माल पार केला, पण बॅच पुढे तपासणीत अडकली आणि शेवटी फेकावी लागली. फिल्टर खराब निघाला असा रिपोर्ट लिहिला गेला. फिल्टर बदलले, पुढच्या ३ बॅच नीट गेल्या, आणि मग ये रे माझ्या मागल्या, परत ढग.

मी रोज रात्री जुन्या बॅचचे रेकॉर्ड घरी नेऊन.. नाही, घरी न्यायला परवानगी नव्हती, तिथेच बसून वाचायचे. आणि तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की ज्या ज्या बॅच ढगाळ झाल्या त्या सगळ्या रिअ‍ॅक्टरमधून ठरल्यापेक्षा दीड दोन दिवस उशिरा काढलेल्या होत्या, कारण त्या आठवड्यात पुढचा कॉलम रिकामा नव्हता. दोन दिवसांत काय होतं, तर पेशी मरायला लागतात. जिवंत पेशींचं प्रमाण ९० टक्क्यांवरून ६५ वर येतं, मेलेल्या पेशी फुटतात, त्यांच्या पोटातला डीएनए आणि प्रोटीनं बाहेर सांडतात. म्हणजे चूक फिल्टरची नव्हतीच, चूक झाली होती चार दिवस आधी, दुसऱ्या मजल्यावर, दुसऱ्या टीमकडे, आणि तिकडच्या कागदावर ती चूक म्हणून दिसत नव्हती कारण उलट त्यांना त्या दोन दिवसांत थोडं जास्त प्रोटीन मिळालं होतं.

मी हे सांगितलं. ऐकून घेतलं, काढणीची वेळ पक्की केली, ढग थांबले. विषय संपला. पण नेमकं काय चिकटतंय, कुठे चिकटतंय, आणि पीएच वाढवल्यावरच का बाहेर पडतंय हे शोधायला कंपनीला वेळ नव्हता आणि त्यांच्या दृष्टीने गरजही नव्हती. मला मात्र तो प्रश्न सोडून देववत नव्हता. म्हणून मी विद्यापीठात आले. खरं सांगते, शिकवण्याची आवड वगैरे नंतर लागली, आले ती त्या ढगासाठी.

इथे मग तुमच्या प्रश्नाचं उत्तर येतं, इंजिनिअर प्राध्यापक करतो काय. तो कारखान्यातली अडचण इतकी छोटी करतो की ती टेबलावर मावेल, आणि तरीही तीच अडचण राहील. याला स्केल डाउन मॉडेल म्हणतात आणि माझ्या मते आमच्या कामातला निम्म्याहून जास्त जीव यात आहे. माझ्या पहिल्या पीएचडी विद्यार्थिनीने एक मिलिलिटरचा कॉलम घेतला, बोटाच्या पेराएवढा, आणि पेशी मुद्दाम दहाव्या, बाराव्या, चौदाव्या दिवशी काढून त्यातून नेल्या. पहिलं वर्ष काहीच जमलं नाही. आम्हाला ढगच दिसेना! कारखान्यात हैराण करणारी गोष्ट लॅबमध्ये होईचना. शेवटी कळलं की आम्ही लॅबमध्ये सेंट्रिफ्यूज, म्हणजे गरगर फिरवून पेशी वेगळ्या करणं, फार हळुवारपणे करत होतो, कारखान्यातल्या मोठ्या सेंट्रिफ्यूजमध्ये द्रव आत शिरताना पेशींना जो मार बसतो तो आमच्याकडे बसतच नव्हता. मग एक छोटं फिरतं यंत्र बनवून पेशींना तेवढाच मार दिला, आणि त्या दिवशी दुपारी नळीत ढग दिसला तेव्हा आम्ही दोघी अक्षरशः टाळ्या वाजवत होतो. बिघाड झाला म्हणून आनंद होणारे लोक आम्हीच असू.

पुढे ३ वर्षं लागली. निष्कर्ष असा की फुटलेल्या पेशीतला डीएनए एकटा फिरत नाही, तो हिस्टोन नावाच्या प्रोटीनांना गुंडाळून असतो, त्या क्रोमॅटिनच्या गोळ्या कॉलमच्या मण्यांवर आणि चिकटलेल्या अँटिबॉडीवर बसतात, आम्लात अँटिबॉडीसोबत काही सुटून येतात आणि पीएच वर नेला की एकमेकींना धरून खाली बसतात, येताना बाकीची पेशींची प्रोटीनं आणि थोडं औषधही घेऊन. याच सुमारास आणखी काही गटांनीही क्रोमॅटिनकडेच बोट दाखवलं, त्यामुळे हे एकट्या आमचं श्रेय नाही. उपाय निघाला तो साधा होता, हा कचरा कॉलमपर्यंत पोचूच द्यायचा नाही, काढणीच्या वेळीच तो बसवून गाळून टाकायचा. आज ती विद्यार्थिनी एका कंपनीत हेच काम बघते.

तुम्हाला वाटेल एवढ्याशा ढगासाठी ७-८ वर्षं? हो. कारण त्या कचऱ्यात जी पेशींची प्रोटीनं असतात ती औषधाच्या कुपीत फार थोडीही चालत नाहीत, सर्वसाधारणपणे दहा लाखात शंभर भागांच्या खाली आणायची असतात, आणि त्यात काही एन्झाइम असे असतात की औषध स्थिर ठेवायला घातलेलं पॉलिसॉर्बेट ते कुपीत बसल्या बसल्या महिनोन्‌महिने खात राहतात आणि मग औषधात बारीक कण दिसायला लागतात. फ्रीजमध्ये ठेवलेल्या कुपीत. इंजेक्शन घेणाऱ्या माणसाला यातलं काही माहीत नसतं आणि माहीत असायची वेळ त्याच्यावर येऊ नये.

माल न मिळणं हाही तितकाच गंभीर प्रश्न. २००९ मध्ये जेन्झाइम या औषध कंपनीच्या अमेरिकेतल्या ऑलस्टन इथल्या कारखान्यात रिअ‍ॅक्टरमध्ये व्हेसिव्हायरस २११७ शिरला. माणसाला त्याचा त्रास होतो असं काही आढळलेलं नव्हतं पण सीएचओ पेशींची वाढ त्याने बिघडली, कारखाना थांबवून निर्जंतुक करावा लागला, आणि गॉशर आणि फॅब्री या दुर्मिळ आजारांच्या रुग्णांना डोस पुरवून पुरवून वापरायची वेळ आली. मी दर वर्षी पहिल्या लेक्चरला ही गोष्ट सांगते. नवीन औषध शोधलं की बातमी होते, असलेलं औषध ठरल्या दिवशी मिळालं याची बातमी होत नाही, पण रुग्णाला तेच हवं असतं.

रिअ‍ॅक्टरच्या बाजूचं, म्हणजे अपस्ट्रीमचं एकच उदाहरण देते, कारण तिथे तुमच्या अभ्यासक्रमाचा थेट उपयोग आहे. २ लिटरच्या काचेच्या रिअ‍ॅक्टरमध्ये सगळं छान चालतं. तेच १० हजार लिटरला नेलं की पेशी मंदावतात. ऑक्सिजन पुरेसा आहे, ग्लुकोज आहे, पीएच बरोबर आहे, तापमान ३७ अंशाला आहे, मग झालं काय? तर कार्बन डायऑक्साइड बाहेर जात नाही. उंच टाकीत बारीक बुडबुडे ऑक्सिजन द्यायला उत्तम, पण वर येईपर्यंत ते कार्बन डायऑक्साइडने भरून जातात आणि पुढे काहीच उचलत नाहीत. मोठे बुडबुडे सोडावे तर गॅस निघतो पण ऑक्सिजन कमी पोचतो, जोरात ढवळावं तर फेस होतो, फेस वर चढून बाहेर जाणाऱ्या हवेचा फिल्टर भिजवतो. शिवाय छोट्या रिअ‍ॅक्टरमध्ये थेंब टाकला की काही सेकंदांत मिसळतो, मोठ्यात मिनिट किंवा जास्तही लागतं, तोवर वरच्या पेशी एका पीएचमध्ये आणि खालच्या दुसऱ्यात. शितावरून भाताची परीक्षा इथे करता येत नाही, सॅम्पल कुठल्या पोर्टमधून काढलं यावर उत्तर बदलतं. आता हे सगळं वाचताना तुम्हाला कुठे बायोलॉजी अडली का? बुडबुडा, पृष्ठभाग, मिश्रणाचा वेळ, सगळं तुमचंच आहे.

प्राध्यापकाचं रोजचं आयुष्य कसं, तर लॅबमध्ये स्वतः हात घालायला मला आता आठवड्यातून जेमतेम अर्धा दिवस मिळतो. बाकी ग्रँटचे प्रस्ताव लिहिणं, त्यातले बहुतेक नाकारले जातात आणि परत लिहायचे, शिकवणं, विद्यार्थ्यांचे डेटा बघणं, पेपर दुरुस्त करणं. पेशींना रविवार कळत नाही, चौदा दिवसांचं कल्चर लावलं की कोणीतरी रोज येतंच, रात्री अलार्म वाजला तर फोन येतो. एकदा सॅम्पल पोर्टच्या एका झिजलेल्या ओ रिंगमुळे बॅक्टेरिया शिरले आणि सकाळी रिअ‍ॅक्टर गढूळ, अकरा दिवस पाण्यात. विद्यार्थी रडला, मी त्याला घरी पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे पोर्ट उघडून तपासले.

कंपन्यांसोबत काम करणं ही खरी तारेवरची कसरत. त्यांच्याकडे खरा माल, खऱ्या अडचणी असतात, पण गोपनीयतेचा करार असतो, पेपर छापायच्या आधी त्यांना दाखवावा लागतो, आणि विद्यार्थ्याची पीएचडी त्यात लटकते. मी आता कानाला खडा लावलाय, ज्या कामावर विद्यार्थ्याचा प्रबंध अवलंबून आहे ते फक्त उघड्या मटेरियलवरच करायचं. २०१६ पासून हे बरंच सोपं झालं कारण अमेरिकेच्या निस्ट संस्थेने एक अँटिबॉडी सगळ्यांसाठी प्रमाण नमुना म्हणून उपलब्ध केली, कोणीही विकत घेऊन त्यावर मोजमाप करावं आणि उघडपणे छापावं. आमच्यासारख्यांना याचं मोल फार.

पैसा कंपनीत जास्त आहे, लपवण्यात अर्थ नाही. कायमची जागा मिळायला पीएचडी, मग पोस्टडॉक, मग वाट बघणं, असं करत तिशीची बरीच वर्षं निघून जातात, आणि जागा थोड्या आहेत. माझं स्पष्ट मत असं की या विषयात थेट प्राध्यापक होऊ नका, आधी दोन तीन वर्षं कारखान्यात काढा, शक्य तर शिफ्टमध्ये. ज्याने तुंबलेला फिल्टर पाहिलेला नाही तो लॅबमध्ये अशा प्रश्नांची उत्तरं शोधत बसतो जे कोणालाच पडलेले नसतात. यावर माझे काही सहकारी भांडतात, ते म्हणतात मूलभूत काम करायला कारखाना बघायची गरज नाही, असेल, पण मी माझ्या विद्यार्थ्यांना हेच सांगते.

सध्या क्षेत्र कुठे चाललंय म्हणाल तर सलग उत्पादनाकडे, म्हणजे बॅच लावून थांबण्याऐवजी एका बाजूने खाद्य आत आणि दुसऱ्या बाजूने माल बाहेर, आठवडेच्या आठवडे. यासाठी आयसीएच या औषधांच्या मार्गदर्शिका ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची क्यू१३ ही मार्गदर्शिका २०२२ मध्ये पक्की झाली. आणि मोजमापाकडे, म्हणजे सॅम्पल काढून लॅबला पाठवण्याऐवजी रामन प्रोब, म्हणजे प्रकाशाने मोजणारी कांडी, टाकीतच बुडवून ग्लुकोज, लॅक्टेट तिथल्या तिथे वाचायचं, अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २००४ मध्ये या विचाराला अधिकृत चालना दिली होती, आता कुठे ते सरावाचं होतंय. दोन्हीकडे कंट्रोल आणि स्टॅटिस्टिक्स येणारी मुलं कमी आहेत.

बायोलॉजीचं टेन्शन घेऊ नका. मला पेशीत रायबोसोम काय करतो हे पीएचडीच्या पहिल्या वर्षी समजलं, एका सेमिस्टरचं बायोकेमिस्ट्री आणि एका सेमिस्टरचं सेल बायोलॉजी यावर माझं भागलं, बाकी कामातून आलं. उलट मास ट्रान्सफर, रिअ‍ॅक्शन इंजिनिअरिंग आणि प्रयोगांची आखणी करायचं स्टॅटिस्टिक्स हे तीन कच्चे राहिले तर नंतर भरून काढणं जड जातं.

तिसरं वर्ष म्हणजे अजिबात उशीर नाही. या सुट्टीत तुमच्या कॉलेजात किंवा जवळपास ज्यांच्याकडे क्रोमॅटोग्राफी, म्हणजे कॉलमने मिश्रण वेगळं करायची सोय, आहे अशा कोणालाही लिहा, फार लांब मेल नको, एवढंच लिहा की मला एक कॉलम स्वतः पॅक करून बघायचाय. पहिला नीट बसणार नाही, आत हवा राहील, पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, वाकडा येईल. तो उपसून परत भरा, आणि लागोपाठ तीन वेळा सारखा पीक येईपर्यंत भरत राहा. तिसऱ्या सारख्या पीकला मजा आली तर मला इथेच कळवा, पुढे कुठे अर्ज करायचा त्यावर बोलू.